माणूस नसलेलं स्टेशन आणि तुमचं दुसरं दुकान



मागच्या व्हिडिओखाली एका भावाची कमेंट होती. "सर, तालुक्याला दुकान चांगलं चाललंय. आता गावाकडं दुसरी ब्रँच टाकायची म्हणतो. सात-आठ हजारावर एक पोरगा ठेवतो. टाकू का?" हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये येतो. गाव बदलतं, धंदा बदलतो, पण पोराचा पगार आणि प्रश्न तोच असतो. कमेंटमध्ये मी तीन ओळींत उत्तर दिलं, पण तीन ओळींत मावणारा हा विषय नाही.

योगायोग असा, की त्याच दिवशी आमच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर ती जपानची गोष्ट पुन्हा आली. तुम्हीही वाचली असेल. बर्फातलं छोटं स्टेशन, शाळेला जाणारी एकच मुलगी आणि तिचं शिक्षण होईपर्यंत रेल्वेनं फक्त तिच्यासाठी चालू ठेवलेली गाडी. खाली हात जोडल्याचे चार इमोजी आणि "याला म्हणतात कस्टमर सर्व्हिस!"

मी स्वतः हा मेसेज दोन बॅचमध्ये सांगितलेला आहे. टाळ्या पण घेतल्या आहेत. नंतर नीट वाचलं तेव्हा कळलं, की आपण अर्धीच गोष्ट सांगत होतो. आणि धंद्याच्या कामाची गोष्ट राहिलेल्या अर्ध्यात होती.

खरं काय होतं

ते स्टेशन जपानच्या उत्तरेला होक्काइदो बेटावर होतं. मेसेजमध्ये बहुतेक वेळा नाव येतं कामी-शिराताकी. ती मुलगी ज्या स्टेशनवरून चढायची ते होतं क्यू-शिराताकी, त्याच मार्गावरचं दुसरं स्टेशन. ही गोष्ट २०१६ च्या जानेवारीत जगभर फिरली. त्याच वर्षी मार्चमध्ये त्या पट्ट्यातली तीन छोटी स्टेशनं एकदम बंद झाली, त्यात ही दोन्ही होती. जपानमध्ये शाळेचं वर्ष मार्चला संपतं आणि रेल्वेचं नवीन वेळापत्रकही मार्चलाच लागतं. प्रवासीच उरले नव्हते म्हणून स्टेशन बंद झालं. तारीख आणि तिचं शिक्षण संपणं जुळून आलं.

आता मुद्द्याचं ऐका. गाडी फक्त तिच्यासाठी धावत नव्हती. तो मोठा मार्ग आहे, गाडी तिथून तशीही जाणारच होती. पुढच्या मागच्या स्टेशनांवर बाकीचे लोक चढत-उतरत होते. त्या एका मुलीसाठी रेल्वे काय करत होती? एक मिनिट थांबत होती. स्टेशनवर मास्तर नाही, तिकीट खिडकी नाही, शिपाई नाही. एक लाकडी खोली, नावाची पाटी आणि वेळापत्रक.

म्हणजे प्रश्न "एका गिऱ्हाइकासाठी आख्खी गाडी चालवावी का" असा नव्हताच. प्रश्न होता, "गाडी जाणारच आहे, तर थांबायला जास्तीचा खर्च किती?" बीबीएच्या पुस्तकात याला मार्जिनल कॉस्ट म्हणतात. मला ही संकल्पना परीक्षेत पाठ होती. कळली मात्र लाखभर रुपये घालवल्यावर. ते पुढं सांगतो.

आपल्याकडचं स्टेशन

जपान लांब आहे. आपण आपल्याच लाईनीवर येऊ.

पूर्णा ते हिंगोली ही मीटरगेज लाईन निजामाच्या काळात, १९१२ मध्ये सुरू झाली. आपल्या स्टेशनच्या नावात अजून 'डेक्कन' आहे ते त्याच काळाचं. स्वातंत्र्यानंतर ही लाईन पुढं अकोला, खांडव्याकडं जोडली गेली आणि २००८ मध्ये पूर्णा-अकोला ब्रॉडगेज झालं. मोठ्या गाड्या आल्या. वसमत आणि हिंगोली सगळ्यांना माहीत आहेत. पण त्यांच्या मधे-पुढं चोंडी, बोल्डा, नांदापूर, माळसेलू, कन्हेरगाव नाका ही नावं पॅसेंजरनं जाणाऱ्यालाच माहीत. एक्स्प्रेसवाला खिडकीतून पाटी वाचेपर्यंत पाटी मागं गेलेली असते.

छोट्या स्टेशनांचाही एक तळाचा प्रकार असतो, त्याला रेल्वे 'हॉल्ट' म्हणते. २०१७ पासून रेल्वेनं स्टेशनांची वर्गवारी कमाई आणि प्रवासी बघून केली, त्यात हॉल्टचे एचजी-१ ते एचजी-३ असे वेगळे गट आहेत. काही हॉल्टवर रेल्वेचा माणूस असतो. पण बऱ्याच हॉल्टवर रेल्वेचा एकही नोकर नसतो. तिथं असतो हॉल्ट एजंट. हा गावातलाच माणूस. रेल्वेच्या वाणिज्य विभागाची नोटीस निघते, त्यातल्या अटीप्रमाणे अर्ज करायचा, डिपॉझिट भरायचं. जवळच्या मोठ्या स्टेशनवरून तिकिटं आणायची, आपल्या हॉल्टवर विकायची आणि विक्रीवर कमिशन घ्यायचं. पगार नाही.

मी लहानपणी मामाच्या गावाला जायचो तेव्हा असाच एक हॉल्ट होता. गावाचं नाव लिहीत नाही, लगेच माणूस ओळखू येईल. पत्र्याचं शेड, एक खोली, लिंबाचं झाड, पिवळी पाटी. गाडी यायच्या अर्धा तास आधी एजंट काका सायकलवर यायचे. पिशवीतून तिकिटांचा गठ्ठा काढायचे, खिडकी उघडायचे. गाडी आली, गेली, की खिडकी बंद. मी एकदा विचारलं, "काका, तुम्ही दिवसभर का बसत नाहीत?" ते म्हणाले, "दिवसभर बसून कुणाला तिकीट देऊ बाबा? गाडी दोनदाच येती. बाकी टायमाला माझं दुकान हाय, वावर हाय."

ते वाक्य तेव्हा मला काहीच वाटलं नाही. आज मी ते बॅचमध्ये फळ्यावर लिहितो.

माझं दुसरं दुकान

हिंगोलीत माझं झेरॉक्स, प्रिंट आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. चॅनेल बघणाऱ्यांना माहीत आहे. पण चॅनेल सुरू व्हायच्या आधी मी साधारण पंचवीस किलोमीटरवरच्या एका गावात दुसरं दुकान टाकलं होतं. हे मी फारसं सांगत नाही, कारण ट्रेनरनं आपलं नुकसान सांगायचं नसतं असा एक गैरसमज माझ्याही डोक्यात होता.

हिशेब जसा होता तसा देतो. गाळ्याचं भाडं २५००. पोराचा पगार ७०००. लाईट आणि नेट मिळून १२००. महिन्याला १०,७०० रुपये ठरलेले, गिऱ्हाईक येवो न येवो. कागद, शाई वगैरे वजा करून हातात उरायचे सरासरी ६३००. म्हणजे दर महिन्याला ४४०० ची भर मी हिंगोलीच्या दुकानातून घालत होतो. अकरा महिने घातली. झाले ४८,४००. मशीन, इन्व्हर्टर, काउंटर यांना ८५,००० लागले होते, विकताना ३०,००० आले. तिथं ५५,००० गेले. एकूण १,०३,४००. त्यातले काही पैसे आईच्या पाटल्या ठेवून आणलेले होते. आई आजपर्यंत त्यावर एक शब्द बोललेली नाही, हे जास्त लागतं.

आणि त्या पोराचं काय? चांगला पोरगा होता. प्रामाणिक. माझ्या भरवशावर त्यानं दुसरीकडचं काम सोडलं होतं. अकरा महिन्यांनी त्याला "उद्यापासून येऊ नको" म्हणायची वेळ माझ्यावर आली. माझं नुकसान मी दोन वर्षांत भरून काढलं. त्याचं गेलेलं वर्ष मी भरून देऊ शकलो नाही.

चूक कुठं झाली? गावात काम नव्हतं असं नाही. मी अकरा महिन्यांची वही घेऊन बसलो. रोजच्या रोज पोरगा नोंद करायचा, त्यामुळं कळलं. आठवड्याच्या कामातलं जवळपास तीन चतुर्थांश काम दोनच दिवशी यायचं. एक बाजाराचा दिवस आणि दुसरा सोमवार, कारण सोमवारी लोकांना तालुक्याच्या ऑफिसात कागद द्यायचे असायचे. बाकीचे दिवस पोरगा मोबाइल बघत बसायचा आणि मी त्याला फोनवर रागवायचो. त्याचा काय दोष? गाडीच दोनदा येत होती. मी दिवसभर स्टेशन मास्तर बसवून ठेवला होता.

थांबा द्या, स्टेशन बांधू नका

दुकान बंद केल्यावर चार महिन्यांनी त्याच गावातल्या एका गिरणीवाल्या काकांचा फोन आला. "अरे, लोकं विचारायलेत, तुझं दुकान कुठं गेलं म्हणून." मी म्हणलं, काका, परवडत नाही. ते म्हणाले, "मंग रोज कशाला यायलास? बाजारादिवशी ये की."

झालं. गिरणीच्या ओट्यावर एक कोपरा, महिना ८०० रुपये. एक लहान प्रिंटर, लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन. सोमवार आणि बाजाराचा दिवस, सकाळी साडेनऊ ते दोन. पेट्रोल ११०० च्या आसपास. गिरणीवर एक वही टांगून ठेवली, त्यात लोक नाव आणि काम लिहून ठेवायचे, ज्यांच्याकडं फोन आहे ते व्हॉट्सॲप करायचे. महिन्याला ५००० सुटायला लागले. १९०० खर्च वजा जाता ३१००. रक्कम मोठी नाही. पण आधी मी ४४०० घालत होतो आणि आता ३१०० आणत होतो. गाव तेच, लोक तेच.

म्हणून कमेंटवाल्या भावाला माझं उत्तर आहे: ब्रँच टाकू नको, थांबा दे. तुझी गाडी त्या रस्त्यानं तशीही जाते का बघ. माल आणायला, उधारी वसुलीला, सासरवाडीला, कशालाही जात असशील तर तिथं थांबायला जास्तीचा खर्च किती, तेवढाच मोज. सहा महिने थांबा देऊन बघ. वही ठेव. वही म्हणली की रोज गर्दी आहे, तेव्हा गाळा घे आणि पोरगा ठेव. आधी प्रवासी, मग स्टेशन. आपण सगळे उलटं करतो. आधी शटर, फ्लेक्स, उद्घाटनाचा नारळ, आणि मग गिऱ्हाइकाची वाट बघत बसतो.

कमिशनवर घर चालत नाही

आता काही जण म्हणतील, सर, मग हॉल्ट एजंटच होतो की. चांगलं आहे, पण डोळे उघडे ठेवून करा.

हिशेबासाठी एक उदाहरण धरू. समजा तुमच्या हॉल्टवर रोज ६० तिकिटं खपली, सरासरी २० रुपयांची. झाले १२०० रुपये. कमिशन समजा दहा टक्के धरलं (खरा दर नोटिशीत बघायचा, माझ्या तोंडावर जाऊ नका), तर रोजचे १२० आणि महिन्याचे ३६००. यात घर चालतं का? नाही. पण त्याच अर्ध्या तासात साठ माणसं तुमच्यासमोर उभी राहतात, हे कमिशनच्या कागदावर दिसत नाही. एजंट काकांचं किराणा दुकान गावात का चालायचं? उतरणारा माणूस त्यांना ओळखायचा. तिकिटाची खिडकी हा त्यांच्यासाठी धंदा कमी आणि ओळख जास्त होती. जोडधंदा म्हणून घेतला तर थांबा कामाचा. एकट्या कमिशनवर जगायचं ठरवलं तर बुडालात.

२०२० च्या मार्चमध्ये हे सगळ्यांनी बघितलं. लॉकडाऊनला देशातल्या पॅसेंजर गाड्या बंद झाल्या. पगारदाराचा पगार चालू राहिला. ज्याचं पोट कमिशनवर, त्याची विक्री शून्य म्हणून कमिशन शून्य. पुढं गाड्या सुरू झाल्या त्या 'स्पेशल' म्हणून, आणि कमीत कमी तिकीट दहाचं तीस रुपये झालं. ते पुन्हा दहावर यायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. या मधल्या काळात जवळच्या गावाला जाणारा माणूस कुठं गेला? काळीपिवळीत गेला, दुचाकीवर गेला. त्याला सवय लागली. किंमत परत खाली आणली तरी सवय तेवढ्या लवकर परत येत नाही. दुकानात भाव वाढवताना हे लक्षात ठेवा. वीस फूट पुढं दुसरं दुकान असतं.

विदाऊट जाणारे आपणच

इथं गिऱ्हाईक म्हणून आपल्यालाही एक शिव्या खायची जागा आहे.

छोट्या हॉल्टवर टीसी नसतो. मग अर्धी गाडी विदाऊट. "इथं कोण बघतंय?" बघणारा कुणी नसतो, पण मोजणारा असतो. हॉल्टचा गट, गाडीचा थांबा, सगळं कागदावरच्या विक्रीवर ठरतं. शंभर माणसं चढली आणि तिकिटं वीस फाटली, तर रेल्वेच्या दृष्टीनं त्या गावाला वीसच माणसं आहेत. मग एक दिवस थांबा जातो आणि आपण निवेदन घेऊन कलेक्टर ऑफिसला जातो.

राजस्थानात नागौर जिल्ह्यात जालसू नानक नावाचा हॉल्ट आहे. २००५ मध्ये तो बंद करायचं ठरलं. गावानं आंदोलन केलं. तेव्हा अट घातली गेली की महिन्याला दीड हजार तिकिटं खपली पाहिजेत, म्हणजे रोजची पन्नास. गावानं वर्गणी गोळा केली, पहिली दीड हजार तिकिटं गावानंच विकत घेतली आणि खिडकी गावाच्याच माणसाकडून चालवली. मला या गोष्टीत भावना कमी दिसते, हिशेब जास्त दिसतो. त्या गावाला कळलं होतं की घोषणेपेक्षा विक्रीचा आकडा मोठ्यानं बोलतो.

आपल्या धंद्याला हे कसं लागू? बिल न फाडता, वहीत न लिहिता धंदा करणारा दुकानदार म्हणजे विदाऊट प्रवाशांचा हॉल्ट. गर्दी आहे, पण कागदावर काहीच नाही. मग मुद्रा लोनसाठी बँकेत गेल्यावर मॅनेजर विचारतो, उलाढाल किती? आपण म्हणतो, "साहेब, येऊन बघा की, दुकानात पाय ठेवायला जागा नसते." साहेब येत नाही. साहेब स्टेटमेंट बघतो. यूपीआय घ्या, रोजची नोंद ठेवा, भले साध्या वहीत. तुमचा थांबा त्यावरच टिकणार आहे.

माणूस काढला की सगळं सोपं होतं का?

आता दुसरी बाजू. नाहीतर तुम्ही म्हणाल, सर पोरगा ठेवू नका म्हणतात.

जपानमध्ये आज जवळपास निम्म्या रेल्वे स्टेशनांवर माणूस नाही. छोट्या मार्गांवर एकाच डब्याची गाडी असते, चढताना मशीनमधून नंबरची चिठ्ठी घ्यायची आणि उतरताना ड्रायव्हरजवळच्या पेटीत पैसे टाकायचे. आपल्या शेजारी विदर्भात मूर्तिजापूरची शकुंतला चालायची, तिथंही मोजक्याच माणसांवर कारभार होता आणि तिकिटं देण्यापासून इंजिन सोडवण्यापर्यंत सगळी कामं तीच माणसं करायची. शकुंतला आता बंद आहे. म्हणजे नुसता खर्च कमी करून कुठलीच गाडी कायमची टिकत नाही, हेही लिहून ठेवा.

आणि जपानमध्येच २०२० मध्ये ओइता भागातल्या व्हीलचेअर वापरणाऱ्या लोकांनी रेल्वे कंपनीवर दावा लावला. म्हणणं असं, की स्टेशनवरचा माणूस काढल्यामुळं आम्हाला गाडीत चढायला आधीपासून कळवून मदत मागावी लागते, इतरांसारखं मनात आलं की निघता येत नाही. या लोकांचं म्हणणं मला पटतं. मशीन तिकीट देतं, हात देत नाही.

आपल्याकडं मोबाइलवर जनरल तिकीट निघतं, चांगली सोय आहे. मी तेच वापरतो. पण माझ्या गिरणीच्या ओट्यावर एक आजी येतात. त्यांचा अंगठा मशीनवर लागत नाही. आयुष्यभर खुरपणी करून रेषा पुसल्या आहेत. चार वेळा पुसून, ओल्या फडक्यानं, दुसरं बोट लावून, पंधरा मिनिटांनी एकदाचं होतं. त्यांना ॲप सांगून काय उपयोग? त्या पंधरा मिनिटांचे मला वीस रुपये मिळतात. पण गावात माझ्याकडं जी कामं येतात, त्यातली निम्मी "आजीचं ज्यानं करून दिलं त्याच्याकडं जा" अशी येतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. माणूस बसवून ठेवू नका, पण माणूस लागतो तिथून काढू पण नका. झेरॉक्सचे पैसे घ्यायला माणूस कशाला? क्यूआर कोड लावा. दर सांगायला माणूस कशाला? बोर्ड लावा, मोठ्या अक्षरात. उघडायची वेळ सांगायला माणूस कशाला? पाटीवर लिहा आणि पाळा. ही तीन कामं पाटीवर गेली की तुमचा वेळ मोकळा होतो, तो आजीच्या अंगठ्याला द्या.

मांजराची गोष्ट, थोडक्यात

जपानचीच आणखी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. वाकायामा भागातलं किशी स्टेशन. जुनी कंपनी तोट्यामुळं मार्ग सोडून गेली, २००६ मध्ये नवीन कंपनीनं घेतला आणि खर्च वाचवायला स्टेशनवरचा माणूस काढला. स्टेशनला लागून एक किराणा दुकान होतं, त्या दुकानदाराची तामा नावाची मांजर तिथं बसायची. २००७ मध्ये कंपनीनं तिलाच टोपी घालून स्टेशन मास्तर केलं. लोक तिला बघायला गाडीनं यायला लागले. २०१५ मध्ये ती गेली, पण मार्ग चालू आहे.

सगळे यातून मार्केटिंग शिकतात. मी तुम्हाला किराणा दुकानाकडं बघा म्हणतो. रेल्वेनं माणूस काढला, तरी स्टेशनशेजारी रोज सकाळी शटर उघडणारं कुणीतरी होतं. माझ्याकडं तो माणूस म्हणजे गिरणीवाले काका आहेत. वही टांगलेली आहे ना, पाऊस आला तर आत घेतात ना, "सोमवारी येणार हाय तो" असं सांगतात ना? हे सगळं ८०० रुपये भाड्यात येत नाही. मी त्यांच्या गिरणीचे लाईट बिल भरून देतो, त्यांच्या नातवाचे फॉर्म फुकट भरतो. थांबा चालवायचा तर गावात असा एक माणूस शोधावाच लागतो, आणि त्याच्याशी व्यवहारापेक्षा जास्त नातं ठेवावं लागतं.

वेळ पाळा, नाहीतर सोडून द्या

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. माणूस नसलेलं स्टेशन कशावर चालतं? वेळेवर. तिथं विचारायला कुणी नसतं, म्हणून पाटीवर जे लिहिलंय त्याच्यावरच भरवसा. गाडी सकाळी यायची ती दुपारी आली, आणि असं चार वेळा झालं, की पाचव्या दिवशी माणूस काळीपिवळीच धरतो.

मी सुरुवातीला एका सोमवारी गेलो नाही. हिंगोलीत काम निघालं होतं. फोन करून गिरणीवर सांगितलंही होतं. तरी पुढच्या बाजारी निम्मंच काम आलं. काका म्हणाले, "तीन जण पायी आल्ते रे, वाडीवरून. त्यातली एक बाई लेकरू घेऊन आल्ती." मी काहीच बोललो नाही. तेव्हापासून सोमवारी माझ्याऐवजी जायला एक माणूस ठरवून ठेवला आहे. कोण, माहीत आहे? तोच पोरगा, ज्याला मी काढलं होतं. आता तो स्वतःचं दुकान चालवतो दुसऱ्या गावात, आणि माझी खाडी पडली की त्या दिवसाचं सगळं त्याचं. त्याची पडली की मी जातो.

तर भावा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढं लांब झालं. आज एक काम कर. तुझ्या डोक्यात जे गाव आहे तिथल्या बाजाराचा दिवस काढ, त्या दिवशी नुसता जाऊन चार तास बस, आणि तुझ्या कामाचे किती लोक दिसतात ते वहीत लिही. असं चार बाजार कर. मग कमेंटमध्ये आकडे टाक, आपण मिळून हिशेब करू. आकडे नसतील तर "टाकू का?" विचारू नको, मी उत्तर देणार नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. जय हिंद, जय महाराष्ट्र.